इअरबड्सची रीतसर खरेदी

आधीच सांगून टाकतो, खरेदीतलं मला कळतं. चोवीस वर्षं मी कचेरीच्या खरेदी विभागात आहे. टाचणीपासून जनरेटरपर्यंत जे जे आमच्या कचेरीत आलं ते माझ्या सहीनं आलं, आणि काही वस्तू तर माझी सही न झाल्यामुळे आजतागायत बाहेरच आहेत. असं असताना कानात घालायच्या बोटभर वस्तूवरून बायको, मेहुणा, शेजारी आणि वरच्या मजल्यावरचा फरशीवाला यांनी मिळून माझी जी अब्रू काढली, ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

मूळ गोष्ट साधी होती. बायकोला एका मोठ्या रुग्णालयातून मुलाखतीचं बोलावणं आलं. जागा तक्रार कक्षातली. म्हणजे पेशंटचे नातेवाईक डोक्यात राख घालून येतात, त्यांच्यासमोर बसायचं, त्यांचं म्हणणं समजून घ्यायचं आणि त्यांना योग्य त्या खिडकीपर्यंत शांतपणे पोहोचवायचं. बायको पूर्वी नोकरी करत होती. मग माझ्या आईचं अंथरूण, मुलीच्या शाळा, आणि बघता बघता अकरा वर्षं घरात गेली. आई गेली, मुलगी परगावी शिकायला गेली, तेव्हा तिनं पुन्हा अर्ज करायला घेतले. नऊ ठिकाणांहून नकार आला. हा दहावा अर्ज. मुलाखत लॅपटॉपवरून होणार होती, एकोणीस दिवसांनी, सकाळी अकरा वाजता. ही गेली तर पुन्हा अर्ज करणार नाही, असं तिनं भाजी निवडता निवडता सांगितलं. ती भाजी निवडताना जे सांगते ते सहसा बदलत नाही.

अडचण एवढीच होती की आमच्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये फरश्या बदलण्याचं काम चाललं होतं. फरशी कापायचं कटर सुरू झालं की आमच्या कपाटातले कप एकमेकांशी बोलायला लागायचे. म्हणून ती म्हणाली, "अहो, उद्या येताना वायरचं एक साधं हेडफोन आणाल का? माईक बरा असला म्हणजे झालं."

दुसरा कुणी असता तर त्यानं दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानातून ते उचलून आणलं असतं. पण चोवीस वर्षांची सवय अशी जाते होय? शिवाय, खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटलं. बायकोच्या आयुष्यातला एवढा मोठा दिवस, आणि तिच्या कानात वायर? मी तिला म्हटलं, वायरचा जमाना गेला, तुझ्यासाठी मी चांगले वायरलेस इअरबड्स बघतो, बाहेरचा गोंगाट गाळणारे, स्मार्ट. तू निश्चिंत राहा. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा भाजीत मान घातली. तिला तेव्हाच काय ते कळलं असावं.

किमतीचा निर्णय मी पहिल्याच दिवशी घेतला. मध्यम. हे आमच्या खात्याचं शहाणपण आहे. स्वस्त घेतलं तर लोक म्हणतात डोळे मिटून घेतलं, महाग घेतलं तर म्हणतात वरून खाल्लं. मध्यम किमतीच्या वस्तूवर आजवर कुणी चौकशी बसवलेली नाही. पुढे मी एक तुलनात्मक तक्ता आखला. आडवे रकाने सतरा: गोंगाट किती गाळतो, बॅटरी किती चालते, घाम सोसतो का, डबीचं झाकण किती वेळा उघडलं तरी सैल होत नाही, वजन, रंग, वगैरे. प्रत्येक रकान्याला गुण. नियमाप्रमाणे तीन ठिकाणचे लेखी दर हवेत म्हणून मी तीन दुकानं फिरलो. पहिल्या दुकानदारानं अदबीनं खुर्ची दिली, थंड पाणी दिलं आणि किती नग हवेत म्हणून विचारलं. एक, म्हटल्यावर त्यानं खुर्ची परत मागितली नाही एवढंच. लेटरहेडवर दर लिहून द्या म्हटलं तर बाकीच्या दोघांनी मला आयकर खात्याचा माणूस समजून बिलबुकं लपवली.

इथवर पाच दिवस गेले. मग सल्लागार मंडळी जागी झाली.

आमच्या शेजारच्या दारात एक निवृत्त गृहस्थ राहतात. घरात आम्ही त्यांना सर्वज्ञ म्हणतो. इमारतीत कुणी पाण्याची टाकी धुवायला काढली तरी ते लुंगी सावरत हजर होतात. त्यांचं म्हणणं असं पडलं की इअरबड्सची पारख आवाजावरून करायचीच नसते, डबी मिटताना टक् असा जो आवाज येतो त्यावरून करायची. टक् कोरडा हवा. ओला टक् आला की समजायचं, माल पडेल आहे. मी हसलो, पण माझ्या तक्त्यात अठरावा रकाना वाढला, कारण पुढेमागे कुणी विचारलं तर उत्तर असलेलं बरं. आणि डबीचा आवाज ऐकायचा म्हणजे तिन्ही दुकानं पुन्हा फिरणं आलं.

मेहुण्याची तऱ्हा वेगळी. तो मला व्हिडिओ पाठवायचा. प्रत्येक व्हिडिओ पाऊण तासाचा, त्यात एक दाढीवाला तरुण दोन डब्या हातात धरून बसलेला, आणि शेवटी निष्कर्ष काय, तर तुमची गरज काय त्यावर अवलंबून आहे. अरे बाबा, ते मला ठाऊक नव्हतं म्हणून तर पाऊण तास बसलो ना. असे चौदा व्हिडिओ मी पाहिले. नवव्या दिवशी मी मनाशी एक मॉडेल पक्कं केलं तेव्हा मेहुण्याचा फोन आला की भाऊजी, घाई करू नका, पुढच्या महिन्यात याचंच नवीन येतंय. मी दोन दिवस पुन्हा अस्वस्थ. रात्री कूस बदलली की बायको अंधारात विचारायची, काय झालं? मी म्हणायचो, दोन यंत्रांना एकाच वेळी जोडता येतात का ते बघायचं राहिलं. ती पाठ फिरवून झोपायची.

स्वयंपाकघरात तिची तयारी चालू असायची. भिंतीकडे तोंड करून ती स्वतःलाच प्रश्न विचारायची आणि उत्तरं द्यायची. चिडलेला माणूस आला तर काय कराल? त्यावर ती इतकं छान बोलायची की मी तक्ता घेऊन दारात थबकायचो. पण मधल्या अकरा वर्षांचा प्रश्न आला की तिचा आवाज खाली जायचा.  आणि तो खाली गेला की मी आणखी एक रकाना वाढवायचो. माणसाला जे येतं तेच तो करतो.

अकराव्या दिवशी तक्त्यातून जे मॉडेल पहिलं आलं ते मी ऑनलाइन मागवलं. त्याला पूर्ण गुण मिळालेल्या तीन गोष्टी म्हणजे, दोन यंत्रांना एकदम जोडलं जाणं, कानात आहे हे कळतसुद्धा नाही इतकं कमी वजन, आणि माईक. माईकबद्दल लिहिलं होतं की शेजारी विमान उडालं तरी पलीकडच्याला फक्त तुमचाच आवाज जाईल. कुरियर आला तेव्हा घरी कुणी नव्हतं. सर्वज्ञांनी ते पार्सल ताब्यात घेतलं, आत दगड तर नाही ना हे पाहायला म्हणून सील फोडलं, आणि मी संध्याकाळी गेलो तेव्हा ते आरामखुर्चीत माझे इअरबड्स कानात घालून भजन ऐकत होते. टक् ओला आहे, एवढंच म्हणाले. कंपनीच्या हेल्पलाइनला फोन केला तर सील फुटलेला माल परत घेता येत नाही, आणि फुटलेलं नसेल तर तो खराब आहे हे तुम्हाला कसं कळलं, असा बिनतोड सवाल आला. मी स्वतः हेच उत्तर वर्षानुवर्षं पुरवठादारांना देत आलोय. ते ऐकून घेणं किती जड जातं हे त्या दिवशी कळलं.

बायकोनं स्पिरिटचा बोळा घेऊन ते नीट पुसले आणि म्हणाली, द्या माझ्याकडे, सवय करून घेते. मी म्हटलं, असं कसं? आलेला माल तपासणी झाल्याशिवाय वापरणाऱ्याच्या हाती देता येत नाही. हा नियम मी तिला समजावून सांगितला. तिनं तो पूर्ण ऐकला.

तपासणी हे प्रकरण मला वाटलं त्यापेक्षा लांबलं. आधी त्याचं ॲप घ्या. ॲपला माझ्या दोन्ही कानांचे फोटो हवे होते. स्वतःच्या कानाचा फोटो स्वतः काढून बघा म्हणजे तुम्हाला कळेल मी काय म्हणतोय ते. सतरा फोटोंत माझा गाल, गळा, पंखा आणि एकात कॅलेंडर आलं. ॲपमधली बाई मंजुळ आवाजात म्हणायची, कान सापडला नाही. मग तिनं माझी श्रवणचाचणी घ्यायला काढली आणि शांत जागी जा, शांत जागी जा म्हणून मला घरभर फिरवलं. वर कटर चालू. शेवटी मी कपड्यांच्या कपाटात डोकं घालून चाचणी दिली. चार दिवस ती बाई माझ्या कानात वस्तीला होती. आवाज येतोय का, बॅटरी कमी आहे, आपण हालचाल करत आहात. मी हालचाल करतोय हे मला माहीत नसतं का?

यातला सर्वांत स्मार्ट भाग मानेचा. फोन आला की होकारार्थी मान हलवा, फोन घेतला जातो. आडवी हलवा, कटतो. तपासणी कचेरीतही व्हायला हवी म्हणून मी ते घालून साहेबांच्या मीटिंगला बसलो. आता, मीटिंगमध्ये होकारार्थी मान हलवणं हेच आमचं मुख्य काम. साहेब बोलत होते, मी मान डोलावत होतो, आणि त्या अर्ध्या तासात मी एका कर्जवाल्याचे पाच फोन घेतले. प्रत्येक वेळी तो विचारायचा, सर, लोन हवंय ना? आणि मी दबक्या आवाजात म्हणायचो, आत्ता नको. साहेब तेव्हा माझ्या बढतीबद्दल बोलत होते, हे मला मागाहून समजलं.

असे अठरा दिवस गेले. कटरचा बंदोबस्तही मी रीतसर केला होता. मुलाखतीच्या दिवशी अकरा ते बारा काम बंद ठेवावे, असा अर्ज तीन प्रतींत इमारतीच्या सेक्रेटरींना दिला. त्यांनी पोच दिली आणि पुढच्या रविवारच्या बैठकीत विषय घेऊ म्हणाले. मुलाखत शुक्रवारी होती. अठराव्या दिवशी संध्याकाळी मी इअरबड्स माझ्या फोनला आणि तिच्या लॅपटॉपला असे दोन्हीकडे जोडून ठेवले, आणि सांगितलं की उद्या सकाळी पावणेअकराला, कटर सुरू असताना एक शेवटची चाचणी घेऊन तुझ्या हातात देतो. ती म्हणाली, बरं.

शुक्रवारी मी रजा टाकली. बायको इस्त्रीची साडी नेसून लॅपटॉपसमोर बसली होती. हात मांडीवर घट्ट. मी इअरबड्स कानात घालून खोलीत येरझाऱ्या घालत होतो. दहा चाळीस, कटर बंद. पंचेचाळीस, बंद. मला वाटलं, चला, आज देव पावला. बरोबर दहा सत्तावन्नला ते सुरू झालं आणि कपाटातले कप खडखडले. बायकोचा चेहरा पांढरा पडला. तिनं काही म्हणायच्या आत मी चप्पलही न घालता जिना चढलो.

वर धुळीचा ढग होता. त्यात फरशीवाला उकिडवा बसून फरशी कापत होता. मी ओरडून सांगितलं की तासभर थांबा. त्यानं कानाला हात लावून ऐकू येत नसल्याची खूण केली आणि कापत राहिला. तेवढ्यात माझ्या कानात मंजुळ आवाज आला, "नमस्कार. आवाज येतोय का?"

चार दिवसांचा राग माझ्या मस्तकात गेला. मी म्हटलं, "तू आधी गप्प बस. चार दिवस कान किटवलेस माझे."

 मग, "आपण कोण बोलताय?"

"तुझा मालक," मी म्हटलं. "पैसे मोजून आणलंय तुला."

आणि तिला गप्प केल्याच्या समाधानात मी फरशीवाल्याकडे वळलो. त्यानं आता कटर बंद केलं होतं आणि माझ्याकडे जरा काळजीनं बघत होता. तो म्हणाला, मालकांनी आज संपवायला सांगितलंय, सिमेंटचा मसाला कालवून ठेवलाय, तो वाळून जाईल. मी अर्जाची पोच दाखवायला खिशात हात घातला. पण खाली तिचे ते घट्ट धरलेले हात माझ्या डोळ्यांसमोर आले, आणि माझ्या तोंडून अर्ज काही निघेना.

"हे बघा," मी म्हटलं, "चूक माझी आहे. तिनं एकोणीस दिवसांपूर्वी साधी वायर मागितली होती. मी ती आणली नाही. अकरा वर्षं तिनं माझ्या आईचं सगळं केलं. आई शेवटी चिडखोर झाली होती, आम्ही पोटची पोरं तिच्यासमोर जायला टाळायचो, आणि ही तासन्‌तास तिच्याजवळ बसायची. कधी आवाज चढवला नाही. लोक विचारतात, अकरा वर्षं काय केलंत. तिला सांगता येत नाही. माझ्यामुळे आज ही नोकरी गेली तर मी तिला तोंड कसं दाखवू?"

फरशीवाल्यानं कटरची पिन काढली. म्हणाला, "साहेब, मला आधी येऊन सांगायचं ना. कापलेल्या फरश्या पडल्यात ढीगभर, तासभर त्याच बसवतो."

एवढं सोपं होतं. मी एकोणीस दिवस याच माणसाच्या खाली राहत होतो.

आणि मग माझ्या कानात एक पुरुषी आवाज शांतपणे म्हणाला, "मॅडम, आपण उमेदवाराशीच बोलतोय ना?" त्यावर मंजुळ आवाज म्हणाला, "उमेदवार स्क्रीनवर दिसतायत, पण बोलतंय दुसरंच कुणीतरी."

 मी धुळीतच बसलो. त्या इअरबड्सनी सांगितल्याप्रमाणे एकूण एक गोष्ट चोख केली होती. दोन यंत्रांना एकदम जोडले गेले होते. वजन इतकं कमी की ते माझ्या कानात राहिले हे मला कळलंसुद्धा नाही. आणि माईकनं कटरचा कण न कण गाळून, माझा शब्द न् शब्द मुलाखत घेणाऱ्यांपर्यंत पोहोचवला होता. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर कानात टुंग झालं आणि सगळं गप्प. खाली बायकोनं जोडणी तोडली होती.

पुढची पस्तीस मिनिटं मी जिन्यात बसून काढली. खाली जायची हिंमत नव्हती. सर्वज्ञ दोनदा दार उघडून बघून गेले. मी मनात तिचे पुढचे महिने मोजत होतो, ते स्वयंपाकघर, ती भिंत. तिला कुणी विचारलं की मुलाखतीचं काय झालं, तर ती माझं नाव घेणार नाही हेही मला माहीत होतं, आणि तेच मला सोसवत नव्हतं. फरशीवाला मधे येऊन पाण्याची बाटली ठेवून गेला.

दार उघडलं. ती उंबऱ्यात उभी राहिली. "या आत," म्हणाली.

आम्ही समोरासमोर बसलो. मी विचारलं, लॅपटॉपच्या आवाजावर भागलं का? वर शांत झाल्यावर छान ऐकू आलं, ती म्हणाली.  मग मी विचारलं, काय विचारलं त्यांनी?

"आधी विचारलं, ते कोण होते. मी म्हटलं, माझा नवरा. मग विचारलं, ते नेहमी एवढं बोलतात का. मी म्हटलं, नाही, आज थोडक्यात आटपलं."

मी मान खाली घातली.

"मग त्या बाई म्हणाल्या, त्यांनी आम्हाला तुमच्या सासूबाईंबद्दल सांगितलं, ते खरं का? मी म्हटलं, काय सांगितलं ते मला माहीत नाही. तर त्यांनी मला सगळं वाचून दाखवलं. लिहून घेतलं होतं."  डोळे पुसले तिनं, मला दिसू नये म्हणून खिडकीकडे बघत. "एवढं कधी मला बोलला नाहीत."

  मी विचारलं, मग अकरा वर्षांचं?

"ते विचारलंच नाही. म्हणाल्या, अशा माणसाला रोज कसं सांभाळता तेवढं सांगा. मी म्हटलं, पूर्ण बोलू देते. मधे तोडत नाही. त्यांचं बोलून झालं की मग जे करायचं ते मी करते." ती उठली. "सोमवारपासून या म्हणाल्या."

आनंदानं मला काय करावं कळेना. मी उठलो, बसलो, पुन्हा उठलो. पण जबाबदार माणसानं आनंदातही भान सोडायचं नसतं. म्हणून मी तिला समजावलं की असं लगेच हो म्हणायचं नसतं. कामाचे तास, रजेचे नियम, जायची यायची सोय, सगळं एका कागदावर मांडू. आणखी एकदोन रुग्णालयांत काय देतात तेही बघू. आठवडाभर जाऊ दे. मी बराच वेळ बोललो, चांगले मुद्दे होते. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मधे एकदाही तोडलं नाही.

सोमवारी साडेआठला ती कामावर गेलीसुद्धा.